हिंदुराव उमरखेडात

चप्पल हातात घ्या आणि वाकून आत या. तंबूच्या तोंडाशी गुडघ्याएवढ्या उंचीवर दोर बांधलेला आहे, अंधारात दिसत नाही. साल १९७६, डिसेंबरचा शेवट, गाव उमरखेड. गावाबाहेरच्या एका वावरातली ज्वारी निघाली आणि तिथे टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. तुमच्या तळव्यांना सड टोचताहेत. जमिनीचं तिकीट काढलेल्या माणसानं बसायला पोतं सोबत आणायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. शेजारचा माणूस काही न बोलता आपल्या घोंगड्याचं टोक तुमच्याकडे सरकवतो. बसा.

दुपारी बैलगाडीवर भोंगा लावून सिनेमाची दवंडी गावभर फिरली. पोरं गाडीमागे धावली, गुलाबी-पिवळे कागद उडाले. आता तंबूमागे डिझेल इंजिन धडधडतंय. डावीकडे कनात लावून बाया बसल्या आहेत. तिकडून बांगड्यांचा, रडणाऱ्या लेकराचा आणि शेंगा फोडल्याचा आवाज येतो. सगळ्यात मागे लोखंडी खुर्च्यांची एक रांग आहे, खुर्चीचं तिकीट महाग. तिथे पांढऱ्या कपड्यांतली चार-पाच माणसं येऊन बसतात, तेव्हा जमिनीवरचे काही जण अर्धवट उठतात, हात जोडतात, पुन्हा बसतात. कुणी त्यांना उठायला सांगितलेलं नसतं. एवढं पाहून ठेवा.

तुमच्या शेजारचा ढाणकीकडचा आहे. वय पन्नाशीचं, डोक्याला मळकं मुंडासं. तुम्ही त्याला काकाजी म्हणा, इकडे तसंच म्हणतात.

"कापूस घेऊन आलतो," तो आपणहून सांगतो. "दोन रात्री गाडीखाली झोपलो. आज माप झालं. चुकारा कवा भेटते, देव जाणे."

एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू होऊन चार वर्षं झाली आहेत. १९७२ पासून राज्यातला कापूस सरकारनंच घ्यायचा असं ठरलं, आणि हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. कापसाची प्रत ग्रेडर ठरवणार, पैसा हप्त्यांनी येणार.

"पयल्या नंबरचा माल दुसऱ्यात टाकला त्यानं," काकाजी सांगतो. "मी म्हटलं, काहून जी? तं म्हणे, काकाजी, तुमच्याच भल्यासाठी करून रायलो, रांगेत कायले थांबता, बसा, चहा घ्या. म्या चहा पेलो. का करतं मंग."

पेट्रोमॅक्स विझतो. पडदा उजळतो. चित्रपट कृष्णधवल आहे, प्रत जुनी आहे, तिच्यावरून पावसाच्या रेघा सरकताहेत. नाव 'सामना'. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेलेला हा सिनेमा आता तंबूतंबूतून फिरत फिरत पैनगंगेच्या काठापर्यंत पोहोचला आहे. बर्लिनचं इथे कुणाला काही नाही. इथे लोक आलेत ते 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा यात पुन्हा आहे म्हणून. तो कनवाळू चेहऱ्याचा, बिलंदर, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस १९६८ साली पडद्यावर आला आणि त्यानंतर मराठी सिनेमातल्या गावाला पाटील मिळाला.

आता तो येतो. निळू फुले. इथे त्याचं नाव हिंदुराव धोंडे पाटील, साखरसम्राट. कनातीपलीकडून एक म्हातारी ताबडतोब बोटं मोडते, "आला पाय मेला खापरतोंड्या!" बाया हसतात. अजून त्यानं काहीच केलेलं नाही, वाटेत सापडलेल्या एका दारुड्या मास्तराला फक्त वाड्यावर आणलं आहे. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. एकेकाळी स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरलेला आणि आता कुणाचाच न राहिलेला माणूस. हिंदुराव त्याला निजायला गादी देतो, प्यायला दारू देतो, बोलायला सोबत देतो.

त्याच्याकडे नीट पाहा. तुम्ही पुढच्या काळातून आलात, त्याच्या नकला ऐकून आलात. दर गॅदरिंगमध्ये एक पोरगा घसा बसवून, मान वाकडी करून कुणाला तरी वाड्यावर बोलावतो, तो निळू फुले तुमच्या ओळखीचा आहे. तो इथे सापडणार नाही. इथला माणूस आवाज चढवत नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, शब्द सुटे सुटे, वाक्य संपता संपता आवाज आणखी खाली गेलेला. समोरच्याला ऐकायला पुढे झुकावं लागतं, आणि झुकला की तो अर्धा हरलेला असतो. दुष्टपणा करतोय असं त्याला स्वतःला एका क्षणीही वाटत नाही. गाव त्यानं उभं केलं, कारखाना त्यानं उभा केला, पोरांना नोकऱ्या त्यानं दिल्या. मग एक माणूस मध्ये आला तर काय करायचं, असा त्याचा रोकडा हिशेब आहे.

काकाजीनं शेंगा फोडायच्या थांबवल्या आहेत.

रीळ संपतं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दर रिळानंतर थांबायचं. ऑपरेटर रीळ बदलतो तेवढ्यात पेट्रोमॅक्स पुन्हा पेटतो, चहावाला पोरगा किटली घेऊन फिरतो. शहरातल्या थिएटरात सिनेमा सलग दिसतो, मुकाट्यानं पाहून माणसं घरी जातात. तंबूत मात्र दर वीस मिनिटांनी गाव जागं होतं आणि नुकत्याच पाहिलेल्यावर बोलतं. 'सामना' पाहायचा तर असाच पाहावा. हा चित्रपट ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं त्याच्या दोन रिळांच्या मध्ये काय बोलतात, हे बर्लिनच्या परीक्षकांना कधी ऐकायला मिळालं नाही.

"मारुती कांबळे कोन वं?" एक पोरगं कनातीतून विचारतं.

"चूप राय."

मारुती कांबळे हा फौजेतून परतलेला गावातला माणूस. तो आता गावात नाही. तो गेला कुठे, त्याचं झालं काय, एवढं एकच मास्तर विचारत सुटतो. गुत्त्यावर विचारतो, रस्त्यात विचारतो, ज्यानं पोटाशी धरलं त्या हिंदुरावालाही विचारतो. लोक आधी त्याला हसतात, मग टाळतात, मग एकेकाच्या नजरेत काहीतरी हलतं. आरती प्रभूंचं गाणं भास्कर चंदावरकरांच्या चालीत तंबूभर पसरतं तेव्हा शेंगा, बांगड्या, लेकरं, सगळं शांत होतं.

आता बाहेरचा काळ आठवा. देशात आणीबाणी आहे. दीड वर्षापासून हजारो कार्यकर्ते खटल्याविना तुरुंगात आहेत, वर्तमानपत्रं तपासून छापली जातात. मुख्यमंत्रीपद नुकतंच नदी ओलांडून गेलं आहे. ११ वर्षं ते पुसदच्या वसंतराव नाईकांकडे होतं, १९७५ च्या फेब्रुवारीपासून नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे आहे, आणि उमरखेड बरोबर या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर. सत्ता इथल्या लोकांना फार जवळून ठाऊक आहे. तिच्या गाड्या इथूनच जातात. तुमच्यापुढे बसलेले मराठी शाळेचे गुरुजी नसबंदीच्या 'केसेस' आणण्याच्या काळजीत आहेत. त्या आणल्या नाहीत तर पगार अडेल, असा धाक शिक्षकांना घातला गेला आहे. गुरुजी मागे वळून पाहत नाहीत. पडद्यावर एक मास्तर, अंगात दारू आणि पायात तोल नसलेला, तोच तो सवाल विचारतो आहे आणि गुरुजींची मान ताठ होत चालली आहे.

पुढच्या रिळाला दिवा लागतो तेव्हा ते घडतं, ज्यासाठी मी तुम्हाला इथे आणलं. काकाजी सावकाश मान वळवतो आणि मागच्या खुर्च्यांकडे पाहतो. त्याच्या पलीकडचाही पाहतो. कनातीची कड बोटभर सरकते. कुणी बोलत नाही, कुणी बोट दाखवत नाही. जमिनीवर बसलेली माणसं पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांकडे फक्त पाहतात, पडद्यावरून नुकत्याच उठवलेल्या नजरेनं. तिथला एक जण टोपी सारखी करतो. दुसरा हसतो आणि चहावाल्याला म्हणतो, "अरे, यांना पन दे रे चहा, माझ्या नावावर." आवाज मऊ आहे.

"नको जी," काकाजी म्हणतो. "आता जमत नाही रात्रीचा."

हे फार लहान आहे, मला ठाऊक आहे. चुकारा यानं लवकर मिळणार नाही. पण निळू फुले नावाच्या नटानं महाराष्ट्राच्या गावोगावी काय केलं, असं कुणी मला विचारलं तर मी या नकाराकडे बोट दाखवीन. दरारा असतो तोवर माणूस त्याला नाव देत नाही, तो हवेसारखा असतो. फुल्यांनी त्याला चेहरा दिला, चाल दिली, आवाज दिला. एकदा ओळख पटली की मग तो कुठेही दिसू लागतो. खरेदी केंद्रावर, सोसायटीत, चहाच्या कपात.

*

हे त्यांना कसं साधलं, ते पाहायला आणखी वीस वर्षं मागे आणि बरंच पश्चिमेला जावं लागेल.

जाता जाता पैनगंगेकडे एकदा पाहा. काळ मागे सरकतोय तशी ही नदी दोन राज्यांमधली हद्द होत जाते. १९५६ पर्यंत अलीकडे मध्य प्रदेशातला वऱ्हाड, पलीकडे हैदराबाद. त्याआधी पलीकडे निजाम. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात पलीकडच्या कार्यकर्त्यांनी अलीकडच्या सरहद्दीवर शिबिरं घातली आणि रात्री नदी उतरून ते लढायला जात. त्यातले किती तरी पुढे आपल्याच गावात परके झाले. 'सामना'तला मास्तर या मुलखाला परका वाटला नाही, त्याचं एक कारण हेही आहे.

आता पुणं. पन्नासचं दशक. सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत एक सडपातळ तरुण आळी करतोय. माळीकाम ही त्याची नोकरी. पगारातले काही रुपये तो राष्ट्र सेवा दलाला देतो आणि संध्याकाळी सेवा दलाच्या कलापथकात जातो. नीळकंठ कृष्णाजी फुले. साने गुरुजी, लोहिया, समाजवाद, जातिनिर्मूलन यांवर तिथे रोज बोलणं चालतं, आणि ते बोलणं गावात न्यायचं तर तमाशाच्या अंगानं न्यायचं, हे ठरलेलं. ढोलकी, बतावणी, वग. केशकर्तनाचा घरचा धंदा करणारे राम नगरकर त्याच कलापथकात आहेत, दादा कोंडकेही. महाराष्ट्राला पुढची तीस वर्षं हसवणारी आणि रडवणारी माणसं सेवा दलाच्या ट्रकमध्ये दाटीवाटीनं बसून गावं पालथी घालताहेत.

तुम्हीही त्या ट्रकमध्ये बसा. उतराल तिथे देऊळ, पार आणि पाटलाचा वाडा. प्रयोगाला परवानगी पाटलाची, जेवण पाटलाकडे, झोपायची ओसरी पाटलाची. खेळात ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच पंक्तीला बसून भाकरी मोडायची. तो हा तरुण बघा. सगळे गप्पा मारतात, हा ऐकतो. यजमान पान कसं लावतो, गड्याला हाक न मारता नुसतं कसं पाहतो, मऊ बोलताना हाताची बोटं काय करतात, हे सगळं तो न्याहाळतो. पुढे पडद्यावर दिसलेला प्रत्येक पाटील मला तरी या ओसऱ्यांवरून उचललेला वाटतो. नाट्यशाळेत हे शिकवून येत नाही.

१९५७ च्या निवडणुकीसाठी त्यानं 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिलं. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'तल्या त्याच्या रोंग्यानं लोकांचं लक्ष वेधलं. मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' आलं आणि नाव खेड्यापाड्यांत गेलं. त्या वगातूनच चित्रपटाची वाट निघाली.

आणि इथे मला जे सर्वांत मोठं वाटतं ते सांगतो. हा माणूस आयुष्यभर ज्यांच्या विरुद्ध उभा राहिला त्यांचीच सोंगं त्यानं घेतली, आणि घेताना कुठेही लबाडी केली नाही. त्या पाटलांना त्यानं विद्रूप केलं नाही, विदूषक केलं नाही. हिंदुरावाला एकटेपणा दिला, मास्तराबद्दलची खरी माया दिली. शत्रूला एवढ्या प्रामाणिकपणे समजून घेणं कार्यकर्त्याला जड जातं, नटालाही जातं. फुल्यांच्यात दोघे एकाच कातडीत राहत होते.

*

पुढे चला, भराभर. १९७२, मुंबई. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर', दिग्दर्शक कमलाकर सारंग. प्रयोग रोखले जातात, प्रकरण उच्च न्यायालयात जातं, न्यायालय नाटकाच्या बाजूनं निकाल देतं. सखारामाच्या भूमिकेत हाच माळी. त्याच साली व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' लागतो आणि त्यात लागू आणि फुले दोघेही आहेत. १९७८, जयवंत दळवींचं 'सूर्यास्त'. त्यात फुले होतात अप्पाजी, गांधींच्या वाटेनं आयुष्य काढलेले वृद्ध, ज्यांचा मुलगा मुख्यमंत्री आहे आणि ज्यांना त्याच्याविरुद्ध उभं राहावं लागतं. ज्यांनी त्यांना फक्त वाड्यात पाहिलं होतं ते नाट्यगृहात थक्क होऊन बसले.

आता पुन्हा उमरखेड, १९८६ चा गणेशोत्सव. तंबूचे दिवस सरत आले आहेत. मंडळानं भाड्यानं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणला आहे. रस्त्यावर सतरंज्या, पाऊस आला तर मंडपात दाटी. रात्री दोन चित्रपट, पहिला देवाचा, दुसरा कार्यकर्त्यांच्या पसंतीचा. दुसरा 'सिंहासन' आहे, सात वर्षांपूर्वीचा. परतवाड्याला जन्मलेल्या अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला, पुन्हा जब्बार पटेलांचा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढू पाहणारा अर्थमंत्री लागू. फुले कुठे आहेत? कोपऱ्यात. खांद्याला झोळी, डोळ्यांवर जागरण. दिगू टिपणीस, पत्रकार.

मंडपातली पोरं कंटाळतात. यात मारामारी नाही. पण एक चाळिशीचा माणूस पाय पोटाशी घेऊन पडद्याजवळ सरकला आहे. दिगू काही करत नाही. तो सगळ्यांना भेटतो, सगळं ऐकतो, त्याला सगळं कळतं. कळलेलं छापून काय होणार, तेही कळतं. शेवटी त्याला जे हसू फुटतं ते थांबत नाही आणि त्या हसण्यात वेड शिरतं. पाटलाच्या भूमिकांसाठी ज्यांनी बोटं मोडली त्या बायांना हा दिगू दाखवावा असं मला फार वाटतं. तोच चेहरा, त्याच पापण्या. तिथे सत्ता होती, इथे सत्तेचा साक्षीदार आहे. मराठी चित्रपटात एकच नट या दोन्ही टोकांना इतका खरा राहिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

त्या बोटं मोडण्याची किंमत नटांना द्यावी लागते. तमाशापटांत नाच्या उभा करणारे कोल्हापूरचे गणपत पाटील २००८ च्या मार्चमध्ये गेले. अव्वल नट, पण लोकांनी त्यांना त्या एका सोंगातून आयुष्यभर बाहेर पडू दिलं नाही. घरच्यांनाही त्याची झळ लागली. फुल्यांच्या वाट्याला शिव्या आल्या. खेड्यांत बाया त्यांना पाहून तोंड फिरवत. त्या शिव्यांना त्यांनी भूमिकेची पावती मानलं. हिंदीत 'कुली', 'सारांश' वगैरे झालं. 'सारांश'मधला गजानन चित्रे तर तेंडुलकरांच्या गावातूनच मुंबईला आल्यासारखा वाटतो. पण ते मुंबईच्या बाजारात फार काळ रमले नाहीत. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचा वेळ दुसरीकडे जात होता.

तो कुठे, हे पाहायला एखाद्या दौऱ्याच्या गाडीत चढा. गाडीत लागू आहेत, फुले आहेत. नाटकाचे प्रयोग करून पैसा जमवायचा आणि त्याच्या व्याजातून आयुष्य सामाजिक कामाला वाहिलेल्या कार्यकर्त्यांना महिन्याला मानधन द्यायचं, अशी सामाजिक कृतज्ञता निधीची कल्पना. बाबा आढाव आणि नरेंद्र दाभोलकर त्यात आहेत. पडद्यावर ज्यानं मास्तराला दारू पाजून गप्प करू पाहिलं, तो गाडीच्या खिडकीशी बसून मास्तराबरोबर गावोगाव हिंडतोय, कुणीतरी कार्यकर्ता उपाशी राहू नये म्हणून. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभेत बोलायला उभं राहताना त्याच आवाजात बोलतोय. लोक आधी हसतात, वाड्याची वाट बघतात. पाच मिनिटांत हसणं थांबतं आणि ते ऐकू लागतात. खलनायकाच्या आवाजाला लोक पुढे झुकतात, ही खूण त्यांना पक्की कळली होती. तिचा उपयोग त्यांनी इथे केला.

*

१३ जुलै २००९, सोमवार.

उमरखेडच्या बसस्थानकावर उभे राहा. जून कोरडा गेला, पेरण्या लांबल्या, आता कुठे भुई ओली झाली आहे. नागपूरकडून नांदेडला जाणाऱ्या गाडीतून बियाण्याच्या पिशव्या उतरताहेत. कापसाच्या वावरांत सोयाबीन शिरलं आहे, नदीकाठाला ऊस आणि केळी. याच तालुक्यात पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना आहे. मागच्या वर्षी केंद्राची कर्जमाफी झाली, तरी यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात ज्या बातमीनं येतं ती थांबलेली नाही. कँटीनच्या टीव्हीवर खाली पट्टी सरकते. निळू फुले यांचं पुण्यात निधन. अन्ननलिकेचा कर्करोग.

वाहक, चालक, पास काढायला आलेली कॉलेजची पोरं, सगळे वर पाहतात. एक पोरगा सवयीनं घसा बसवून तेच वाड्याचं वाक्य म्हणतो. मित्र हसत नाहीत. टेबलाशी चहा पिणाऱ्या एक बाई, खांद्यावर पदर, हातात पंचायत समितीची फाइल, त्याला म्हणतात, "बाळा, 'सामना' पायला का तू?"

"नाही, मावशी."

"मंग कायची नकल करतं रे?"

पोरगा ओशाळतो. त्या त्याला बसायला सांगतात आणि त्याची एसटी येईपर्यंत मारुती कांबळेची सगळी गोष्ट सांगतात, अगदी रिळं थांबायची त्या जागांसह. बापाच्या मांडीवर बसून त्यांनी तो तंबूत पाहिला होता. शेवटच्या काळातलं 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' त्यांनी पाहिलेलं नाही. शेतकऱ्याच्या हलाखीवरचा तो सिनेमा ज्या जिल्ह्यानं आधी पाहायला हवा होता त्या जिल्ह्यात टुरिंग टॉकीजचा तंबू आता उरलेला नाही. हे मला लागतं. फुले होते ते थिएटरात मावणारे नव्हते. त्यांचा प्रेक्षक सडावर पोतं टाकून बसणारा होता, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट त्यांच्याआधी मेली.

महिनाभर पुढे सरका. १५ ऑगस्ट. नदीकाठचं एक गाव, झेंडावंदन होऊन शाळेच्या वऱ्हांड्यात ग्रामसभा बसली आहे. ग्रामसेवक खर्च वाचतो, पटापट, आकडे एकमेकांत मिसळून. लोक निघायच्या बेतात. भिंतीला टेकून उभा असलेला एक तरुण हात वर करतो.

"त्या बंधाऱ्याचं का झालं जी?"

"कोनता?"

"नाल्यावरचा. पैसा आला म्हनून मागच्या बारीले वाचलं होतं. बंधारा तं दिसत नाही कुठी."

पुढे खुर्चीवर बसलेले एक वयस्क गृहस्थ, पदावर नसलेले पण खुर्चीवर असलेले, वळतात. रागावत नाहीत. "अरे, तू नामदेवचा पोरगा ना? बस, बस. सभा झाली की घराकडे ये, सगळं समजावून सांगतो तुले. चहा घेऊ."

वऱ्हांड्याच्या टोकाकडून कुणीतरी हळूच हुंकारतं, घसा बसवून. एक हसतो, मग दुसरा, मग बायांच्या बाजूनं खसखस पिकते. त्या गृहस्थांचा चेहरा उतरतो, लोक आपल्याला कुणाच्या रूपात पाहताहेत हे त्यांना उमगलं आहे.

तरुण बसत नाही. "चहा मंग घेऊ काकाजी. आता इथंच सांगा, सगळ्याइले ऐकू द्या. का झालं त्या पैशाचं?"

गृहस्थ ग्रामसेवकाकडे पाहतात. ग्रामसेवक वहीची पानं मागे उलटतो, बोट लावून थांबतो आणि विचारतो, "कोणत्या सालचं म्हणालास?"